कळेच्या जोराचं स्टिकर

कशेळीच्या गोदामातल्या विक्रेत्याने मला फसवलं, मी निजामपुऱ्यातल्या एका प्रसूतिगृहाला फसवलं, आणि शिक्षा झाली ती तिथल्या थोरल्या सिस्टरला, जिने कोणालाही फसवलं नव्हतं. हे आधीच लिहून ठेवते. नाहीतर आमच्याकडे चार महिने गेले की कोणी कोणाला फसवलेलंच नसतं. सगळ्यांचा नुसता गैरसमज झालेला असतो.

मी मूळची कांड्या भरणारी. लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, धोट्यात सुताची कांडी बसते, ती भरून द्यायचं काम आमच्या गल्लीतल्या बायका घरबसल्या करतात, तसं मीही केलं. पुढे दोन जुने लूम भाड्याने घेतले आणि त्यांच्यावर बँडेजचं जाळीदार कापड विणायला लागले. ते कापड विणायला तेव्हा कोणी तयार नसायचं. "यापेक्षा मच्छरदाणी जाड असते," म्हणून हसायचे. हसू दे. त्या कापडाने मला दवाखान्यांच्या मागच्या दाराने आत नेलं. कापडामागून कापूस गेला, कापसामागून हातमोजे, मग खाटा, मग यंत्रं. शाळा आठवीपर्यंत झाली. पण भावात मला हरवणारा माणूस अजून जन्मायचा आहे, असं मी गेल्या वर्षापर्यंत म्हणत असे.

त्या प्रसूतिगृहाच्या डॉक्टरीणबाई माझ्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांना बाळंतिणीच्या पोटावर बांधायची यंत्रं हवी होती. यंत्राला दोन चकत्या असतात. एक बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकते. दुसरी पोटाच्या वरच्या भागावर पट्ट्याने बांधतात, ती कळा नोंदवते. कळ आली की गर्भाशय आकसतं, पोट पुढे येऊन घट्ट होतं, चकतीला रेटा बसतो आणि यंत्रातून सरकणाऱ्या कागदावर टेकडीसारखी रेघ उमटते. बाजूला पडद्यावर आकडा दिसतो, शून्यापासून शंभरपर्यंत.

मी कशेळीला गेले. कंटेनरच्या रांगेत रिक्षा तासभर अडकली होती, त्यामुळे डोकं आधीच तापलेलं होतं. विक्रेत्याने चहा मागवला. मी घेतला नाही. भाव ठरेपर्यंत मी कोणाचा चहा पीत नाही. तीन यंत्रांचा सौदा होता. दुपार कलेपर्यंत मी त्याला इतकं खाली आणलं की त्याचा हिशेबनीस उठून बाहेर गेला. वर जादा पट्टे मागितले, मिळाले. कागदाची भेंडोळी मागितली, मिळाली. आता थांबायला हवं होतं. पण मला जिंकताना थांबता येत नाही.

"यावर सगळं इंग्रजीत आहे," मी म्हटलं. "आमच्या सिस्टर लोकांना एका नजरेत कळलं पाहिजे. मराठीत स्टिकर करून द्या. फुकट."

"कसलं स्टिकर, मॅडम?"

"कळ हलकी, मध्यम, जोरदार. आकड्यांप्रमाणे. हिरवा, पिवळा, लाल."

त्याने यंत्राच्या आकड्याकडे पाहिलं, मग हिशेबनीसाच्या रिकाम्या खुर्चीकडे. मग म्हणाला, "हो जाएगा. मॅडमचा हुकूम."

मी म्हटलं, बघा, हा असा वाकतो. आणि मग चहा घेतला.

कापडाच्या बाबतीत मी असं कधीच केलं नसतं. तागा हातात आला की मी आधी विचारते, हे मोजलं कशाने, मोजलं कोणी. त्या दिवशी मी भाव विचारला, वॉरंटी विचारली, पट्टे विचारले. ही चकती नेमकं मोजते काय, एवढं विचारलं नाही.

यंत्रं लागली त्या दिवशी लेबर रूम रिकामी होती. मी चकती माझ्याच पोटावर साडीवरून बांधून घेतली आणि खोकले. आकडा उडी मारून लाल रंगात गेला.

"गो बाय, मुबारक हो!" आपा म्हणाली. "मुलगा हवा का मुलगी?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. यंत्र चालतं, हे सिद्ध झालं होतं.

आपा म्हणजे तिथली थोरली सिस्टर. इथल्याच जुन्या कोकणी मुसलमान घरातली, घरात लूम असूनही हट्टाने नर्सिंग शिकलेली. अर्धा मोहल्ला तिच्या हातात जन्मला आहे, त्यामुळे रस्त्यात मिशीवाले पुरुषही तिला बघून विडी लपवतात. तिची कळा मोजायची रीत साधी होती. पोटाच्या वरच्या भागावर पंजा सपाट ठेवायचा, चोळायचं नाही, दाबायचं नाही, नजर भिंतीवरच्या घड्याळावर. कळ कधी चढली, कधी ओसरली, किती सेकंद टिकली, ते लिहायचं. आणि जोर किती? ते तिने मला माझ्याच चेहऱ्यावर बोट टेकवून शिकवलं होतं. पोट नाकाच्या शेंड्यासारखं लागलं तर कळ हलकी. हनुवटीसारखं लागलं तर मध्यम. कपाळासारखं, की बोट रुतायलाच तयार नाही, तर जोरदार.

यंत्रं आल्यावर तिने हात ठेवणं सोडलं नाही. व्यवस्थापकांना ते आवडत नसे. ते कल्याणहून येतात, इस्त्रीचा शर्ट, आणि कागदावर छापून आलेल्या गोष्टीवर त्यांचा फार जीव. "आपा, एकच माहिती दोनदा कशाला नोंदवता?" असं त्यांनी एकदा माझ्यासमोर विचारलं होतं.

ज्या दुपारची ही गोष्ट आहे त्या दुपारी मी बँडेजचे गठ्ठे उतरवून घेत व्हरांड्यात उभी होते. आत कोन गावची एक बाई होती. पहिलटकरीण, अंगाने भरलेली. डॉक्टरीणबाई कल्याणला शस्त्रक्रियेसाठी गेल्या होत्या. आपा जेवायला गेलेली, म्हणून धाकट्या सिस्टरने यंत्राच्या कागदाचा फोटो काढून मोबाइलवर डॉक्टरीणबाईंना पाठवला आणि लिहिलं, कळा हलक्या. कागदावर टेकड्या खरंच बुटक्या होत्या, आकडा माझ्या स्टिकरच्या हिरव्या पट्ट्यात. डॉक्टरीणबाईंचा निरोप आला: सलाइनमधून कळा वाढवायचं औषध सुरू करा. ते सुरू झालं, थोड्या थोड्या वेळाने वाढवलंही गेलं. आकडा हिरव्यातच राहिला.

आपा परत आली, तिने हात धुतले आणि पोटावर पंजा ठेवला. दार अर्धं उघडं होतं, मला आतलं ऐकू येत होतं. यंत्रातून येणारा बाळाच्या ठोक्यांचा आवाज, धावत्या घोड्यासारखा असतो तो, एकाएकी चालत्या बैलासारखा झाला.

"औषध बंद कर," आपा म्हणाली.

"आपा, मशीन कळ हलकी दाखवतंय."

"मशीनच्या पोटात पोर हाय काय? हात ठेव इथं. हा दगड हाय. मघापासून सैल पडलाच न्हाय, पोर गुदमरतंय. बंद कर म्हणते ना!"

धाकटी घाबरून उभीच राहिली. आपाने स्वतः सलाइनच्या नळीवरची चावी फिरवून औषध बंद केलं, बाईला डाव्या कुशीवर वळवलं, तोंडाला ऑक्सिजन लावला आणि धाकटीला डॉक्टरीणबाईंना फोन लावायला सांगितलं. फोन उचलला गेला नाही. तोवर त्या शस्त्रक्रियेत शिरल्या होत्या. मी गठ्ठ्यावर हात टेकवून मधूनच तुटणारे ते ठोके ऐकत होते. हळू, हळू, मग जरा भरभर, मग पुन्हा घोडा. दिवेलागणीच्या आत मुलगी झाली. रडली, आणि असं रडली की बाहेर तिच्या आजीला हसू फुटलं. दुसऱ्या दिवशी पेढे वाटले. मलाही मिळाले.

म्हणजे काय झालं? काहीच झालं नाही. आणि काहीच झालं नाही म्हणून आपा गुन्हेगार ठरली. बाळाला काही झालं असतं, तर यंत्राची चौकशी झाली असती. बाळ धडधाकट, कागदावर बुटक्या टेकड्या, डॉक्टरीणबाईंचा औषधाचा निरोप मोबाइलमध्ये जपलेला, आणि एका सिस्टरने 'कळा जोरदार' अशी नोंद करून, न विचारता ते औषध बंद केलेलं. ठोके मंदावले त्यातल्या बहुतेक भागात कागदावरची ठोक्यांची रेघ तुटक होती, कारण बाईला कुशीवर वळवताना ठोक्यांची चकती सरकली. व्यवस्थापकांनी मेमो काढला: डॉक्टरांचा आदेश परस्पर थांबवला, कळांच्या जोराची खोटी नोंद केली. खुलासा समाधानकारक नाही म्हणून आपाला लेबर रूममधून काढून खालच्या इंजेक्शनच्या खोलीत बसवलं. 'खोटी' हा शब्द त्यांनी लिहिला होता. चुकीची नाही. खोटी.

आपा तो कागद घेऊन माझ्या दुकानात आली.

"वाच गो बाय. तुज्या मशिनीनं मला खोटारडी ठरवलं."

आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, "आपा, मशीन नवं आहे. तुझा हात जुना झाला असेल."

तिने मेमो परत घेतला. कागदाची घडी केली, पर्समध्ये ठेवली आणि निघाली. पायरीवरून मागे वळून म्हणाली, "तू बँडेजचं कापड विणायचीस तेव्हा लोक हसायचे. मी हसले न्हाय." मग गेली. त्या संध्याकाळी माझ्याशी जो कोणी बोलला, त्याला मी तोडून टाकलं.

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं, यंत्र तपासते. किराण्यातून एक किलो डाळीची पिशवी नेली. यंत्र टेबलावर, चकती उताणी, चकतीवर डाळ. आकडा पाहिला. डाळ उचलली, पुन्हा ठेवली. तोच आकडा. तिन्ही यंत्रांवर जवळपास तोच. मी खाली इंजेक्शनच्या खोलीत गेले आणि आपाला विजयी मुद्रेने सांगितलं.

"डाळ हललेली का?" तिने सुई टोचता टोचता विचारलं.

"म्हणजे?"

"डाळीनं श्वास घेतला? कुशीवर वळली? किंचाळली? डाळ जाडी व्हती का बारीक? गो बाय, काटा बरोबर हाय, ते मलापण दिसतंय. पण पोट काय काट्यावर ठेवतात?"

इंजेक्शन घेणारा म्हातारा हसला. मला त्याचा राग आला, कारण तेव्हाच माझ्या डोक्यात लख्ख झालं की मी काय विसरले होते.

आमच्याकडे तागा मोजायची एक रीत आहे. व्यापाऱ्याचा माणूस मोजतो, मग तागा पूर्ण उलगडून लूमवाल्याचा माणूस पुन्हा मोजतो. तोंडाने आकडा बोलायचा नाही. दोघांनी चिठ्ठीवर लिहायचा, चिठ्ठ्या तिसऱ्यासमोर एकदम उघडायच्या. दोन चिठ्ठ्या जुळल्या तर माप खरं. एकाच माणसाने एकदाच मोजलेलं माप आम्ही माप मानत नाही, मग तो कितीही सज्जन असो. आणि मी तीन यंत्रं घेतली ती एकदा खोकून.

डॉक्टरीणबाईंकडे जाऊन मी परवानगी मागितली. त्या दुपारपासून त्या जरा खचलेल्या होत्या. लगेच हो म्हणाल्या. अटी दोनच, उपचारात काही बदलायचं नाही, आणि बाईला आधी विचारायचं. ज्या बायकांच्या कळा सुरू झाल्या होत्या पण बाळंतपणाला अजून वेळ होता, त्यांना मीच विचारायची. बहुतेक हो म्हणायच्या, एकीने विचारलं, "यातून कळ कमी होते का?" नाही म्हटल्यावर म्हणाली, "मग तुमचं तुम्ही बघा," आणि तोंड फिरवलं. तिला सोडून दिलं.

रीत अशी ठेवली. धाकटी सिस्टर पट्टा बांधणार, काही कळांचे आकडे मी लिहिणार. मग पट्टा पूर्ण सोडायचा, आणि दुपारपाळीची दुसरी सिस्टर, आधीचे आकडे न बघता, तोच पट्टा पुन्हा बांधणार. इकडे आपा आपल्या जेवणाच्या सुट्टीत वर येणार, पडद्याकडे पाठ करून हात ठेवणार, चिठ्ठीवर लिहिणार: नाक, हनुवटी, कपाळ. तिच्यानंतर दुपारपाळीची सिस्टरही तसाच हात ठेवणार. सगळ्या चिठ्ठ्या हातमोज्यांच्या रिकाम्या खोक्यात. उघडायच्या डॉक्टरीणबाईंसमोर.

काही आठवडे हे चाललं. खोकं उघडलं तेव्हा माझी पहिली इच्छा होती की आपा चुकीची निघावी. खरं सांगते. म्हणजे मी सुटले असते.

कळ कधी आली आणि कधी गेली, यात यंत्र आणि हात चांगले जुळले. तेवढं यंत्राला द्यायलाच हवं. पण टेकडीची उंची? एकाच बाईच्या, पाठोपाठच्या कळा. धाकटीने बांधलं तर पिवळं, दुसरीने बांधलं तर हिरवं. पट्टा दोन बोटं सैल, हिरवं. चकती जरा खाली, हिरवं. बारीक अंगाच्या बाईची नाकाच्या शेंड्याएवढी कळ लाल. जाड बाईची कपाळाएवढी कळ हिरवी. एकदा तर पोट सैल असताना दाबायचं शून्याचं बटण धाकटीने कळ चालू असतानाच दाबलं. त्यानंतरच्या सगळ्या टेकड्या बसक्या झाल्या, आणि बाई ओरडतेय तरी पडदा शांत.

हातही दर वेळी जुळले असं नाही. नाक की हनुवटी यावर आपा आणि ती दुसरी सिस्टर बऱ्याचदा वेगळ्या पडल्या. आपाने दोनदा सरळ चूक केली, हे तिने स्वतःच कबूल केलं. पण जिथे एकीने कपाळ लिहिलं, तिथे दुसरीची चिठ्ठी जवळजवळ नेहमी कपाळच निघाली. म्हणजे धोक्याची खूण हाताला कळत होती. माझ्या स्टिकरला कळत नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी कपाळाच्या चिठ्ठ्या वेगळ्या काढून ठेवल्या. मग म्हणाल्या, "ताई, हे आम्हाला कॉलेजात शिकवलेलं आहे. पोटावरची चकती कळेची वेळ सांगते, जोर नाही. जोर खरोखर मोजायचा तर गर्भाशयाच्या आत बारीक नळी घालावी लागते. आपल्याकडे ती नाही."

"मग त्या दिवशी फोटो बघून औषध कसं सांगितलंत?"

त्यांनी चष्मा काढला. "निरोपात कळा हलक्या लिहिलं होतं. मला वाटलं हात ठेवून लिहिलंय. धाकटीने ते स्टिकर वाचून लिहिलं होतं."

मी त्याच दुपारी कशेळीला गेले. यंत्राबरोबर आलेली पुस्तिका बरोबर घेतली होती. औषधाच्या दुकानातल्या फार्मसिस्टकडून त्यातली एक बारीक ओळ वाचून घेतली होती: रेघेची उंची म्हणजे दाब नव्हे.

विक्रेता हसतच उठला. "या मॅडम. चहा?"

"ही ओळ तुम्हाला माहीत होती का?"

त्याने वाचायचं नाटक केलं. "मॅडम, ये तो सबको मालूम होता है. डॉक्टर लोकांना सगळं माहीत असतं."

"मग जोरदार, मध्यम, हलकी हे कोणी छापलं?"

"स्टिकर तुम्ही मागितलं होतं. मी द्यायला तयार नव्हतो. फुकटसुद्धा तुम्हीच मागितलं."

"मागितलं मी. कोणत्या आकड्याला हिरवं आणि कोणत्या आकड्याला लाल, ते मी सांगितलं होतं? ते आकडे कुठून आणले?"

तो टेबलावरच्या पावत्या सारख्या करायला लागला.

"कुठून आणले?"

"अंदाजाने," तो म्हणाला. "शंभरचे तीन भाग केले, मॅडम. सौदा तुटत होता. तुम्ही उठायच्या बेतात होता."

मी उठायच्या बेतात नव्हते. उठायचं सोंग करत होते. पंचवीस वर्षं हेच सोंग करून मी लोकांना वाकवलं आहे, आणि त्या दिवशी एका माणसाने वाकता वाकता शंभराचे तीन भाग केले आणि ते बाळंतिणींच्या उशाशी चिकटवले. मी त्याच्या टेबलावर पुस्तिका आपटली आणि जे बोलले ते इथे लिहिण्याजोगं नाही. गोदामातले हमाल काम थांबवून बघायला आले. त्याने काय फरक पडला? तो म्हणाला, यंत्र परत घेतो, थोडं कापून. मी भाव करायला गेलेच नव्हते, आणि हा अजूनही भावच करत होता.

स्टिकरं मी माझ्या नखांनी खरवडून काढली. मग चिठ्ठ्यांचं खोकं, पुस्तिका आणि एका कागदावर माझा कबुलीजबाब, की हे स्टिकर मी मागितलं, मी लावलं, मी त्याची खात्री केली नाही, असं सगळं घेऊन व्यवस्थापकांसमोर बसले. डॉक्टरीणबाईही होत्या.

व्यवस्थापकांनी सगळं वाचलं. पानं सरळ करून ठेवली.

"तुमच्या भावना समजतात," ते म्हणाले. "यंत्रांबाबत आपण सिस्टरांना सूचना देऊ. पण मेमो मागे घेता येणार नाही."

"का?"

"मागे घेतला तर लेखी कारण द्यावं लागेल. कारण दिलं तर विचारलं जाईल की या यंत्रांवर विसंबून आणखी कोणाला औषध दिलं. ते प्रकरण वाढेल. आपाचा पगार तोच आहे. खालचं काम हलकं आहे. त्यांच्या वयाला बरंच."

मी डॉक्टरीणबाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "आपा बरोबर होत्या, हे मी त्यांना सांगितलंय."

"तोंडाने?"

"ताई, जरा वेळ द्या."

वेळ दिला. दिवाळी गेली, ईद गेली. आपा अजून खालच्या खोलीत सुया टोचते. वर कळा आल्या की धाकटी सिस्टर जिन्यातून हाक मारते आणि आपा चोरासारखी वर जाऊन, हात ठेवून, तोंडाने सांगून खाली येते. लिहायची तिला परवानगी नाही. सगळ्यांना तिचा हात हवा आहे. तिचं नाव कागदावर नको आहे. परवा मला म्हणाली, "जाऊ दे गो बाय. पोरं तर नीट जन्मतायत." मी तिच्यावरही ओरडले. जाऊ दे कसं? निवृत्तीला तिची दोन वर्षं उरली आहेत, आणि त्या कागदावर 'खोटी नोंद' असं लिहिलेलं आहे. ती गेल्यावर तेवढंच उरेल.

माझ्या चुकीचा कागद माझ्या सहीने तुमच्या कपाटात पडून आहे, व्यवस्थापकसाहेब. गोदामवाल्याला मी कोर्टात बघून घेईन, तो माझा विषय. पण 'खोटी' हा शब्द ना त्याने लिहिला, ना यंत्राने. तो तुम्ही लिहिला, आणि डॉक्टरीणबाई, तुम्ही तो वाचून गप्प राहिलात. तेव्हा तोंडाने नको, चहावर नको, जिन्यात नको. कोन गावच्या बाईच्या पोटावर त्या दुपारी कोणाची नोंद खरी होती, आणि खरी होती तर तिला खोटी का म्हटलं, याचं उत्तर दोघांनी लिहून द्या. खाली सही करा. आणि ते आपाच्या हातात द्या, माझ्या नव्हे.